संत्र्याच्या सालीतली गोळी शिरेच्या अस्तरावर काय करते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ५२ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी आल्या आहेत आणि संध्याकाळी घोटा सुजतो. डॉक्टरांनी डायॉस्मिन आणि हेस्पेरिडिन असलेली गोळी दिली आहे. ताई विचारतात, "ही गोळी संत्र्याच्या सालीपासून करतात असं वाचलं. ती शिरेच्या पेशींवर नेमकं काय करते? गाठी जिरतील का? आणि तसं असेल तर साल किंवा ब्राह्मीच खाल्ली तर चालणार नाही का?"

ताई, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्या आशेवर माणसं वर्षं घालवतात. गाठी जिरणार नाहीत. बावीस वर्षं मी शिरांचेच रुग्ण पाहतो आहे. फुगून वेडीवाकडी झालेली शीर गोळीने पुन्हा सरळ झालेली मी एकदाही पाहिलेली नाही. तरीही ही गोळी मी स्वतः अनेकांना लिहून देतो. असं का, हे समजायला शिरेच्या आत जावं लागेल, आणि तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण उभे राहिलो की हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा एक उभा स्तंभ तयार होतो. घोट्याजवळच्या शिरेत त्याचा दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर एवढा भरतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात, रक्त वर ढकललं जातं, झडपा मिटतात आणि थोड्याच पावलांत हा दाब ३० च्या खाली येतो. झडपा नीट मिटत नसतील तर माणूस कितीही चालला तरी दाब पुरेसा उतरत नाही. डॉपलर तपासणीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, हे डोळ्यांनी दिसतं. मी रुग्णाची पोटरी हाताने दाबतो, रक्त वर जातं आणि पडद्यावर एक रंग चमकतो. हात सोडला की निरोगी शिरेत तो रंग विझतो. बिघडलेल्या शिरेत लगेच उलटा रंग उमटतो आणि रेंगाळतो. त्वचेखालच्या शिरेत तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला, तर झडप गळते आहे असं आम्ही मानतो.

आता अस्तर. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एका पेशीइतक्या जाडीचं अस्तर असतं. शास्त्रीय मराठीत त्याला अंतःस्तर म्हणतात, मी अस्तरच म्हणेन. या पेशी फरशीसारख्या निर्जीव बसलेल्या नसतात. रक्त ज्या दिशेने वाहतं त्या दिशेला त्या लांबट होऊन झुकतात, आणि त्यांच्या अंगावर साखर-प्रथिनांची अगदी बारीक लव असते. वाहत्या रक्ताचा घासता स्पर्श या लवेला कळतो. प्रवाह एका दिशेने, एका लयीत चालू असेल तर पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, रक्त गोठू देत नाहीत, आणि पांढऱ्या पेशी घसरत पुढे निघून जातात. रक्त साचलं, उलटं फिरलं, दाबाने भिंत ताणली गेली, की हीच पेशी वेगळी वागते. लव झडते. पेशीच्या पृष्ठभागावर आयकॅम, व्हीकॅम अशा नावांची चिकटवणारी प्रथिनं वर येतात. जवळून जाणारी पांढरी पेशी त्यांना अडकते, थांबते आणि भिंतीत शिरते.

पांढऱ्या पेशी पायात अडकून पडतात ही कल्पना १९८८ मध्ये लंडनच्या कोलरिज स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरांमुळे होणाऱ्या जखमांचं कारण म्हणून मांडली. त्यामागचं निरीक्षण साधं होतं: पाय खाली सोडून बसलेल्या माणसाच्या पायात जितक्या पांढऱ्या पेशी जातात, तितक्या परत येत नाहीत, आणि शिरांचा आजार असेल तर ही तूट आणखी वाढते. ही कल्पना नंतर बरीच सुधारली गेली, पण गाभा टिकला. भिंतीत शिरलेल्या पेशी भिंतीचे धागे कुरतडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. कोलॅजन आणि इलास्टिनची घडी विस्कटते. स्नायूपेशी आकुंचन पावायचं सोडून नुसता मालमसाला तयार करत बसतात. शस्त्रक्रियेत काढलेला अशा शिरेचा तुकडा बोटांत धरला, की एका जागी तो दोरीसारखा जाड लागतो आणि दोन बोटं पुढे कागदासारखा पातळ. भिंत अशी झाली की झडपेची दोन पानं एकमेकांना पोचत नाहीत, मग आणखी रक्त उलटं येतं, आणखी दाब, आणखी चिडलेलं अस्तर. हे चक्र एकदा फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही.

तुमचा घोटा सुजतो तो याच चक्राच्या टोकाला. दाब बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोचतो, तिथल्या अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि पाणी बाहेर झिरपतं. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण संध्याकाळी खोल उमटते ती म्हणून.

वनस्पतीतली द्रव्यं काम करतात ती या जागी, चिडलेल्या अस्तरावर. त्यांना झडप शिवता येत नाही आणि रक्ताचा स्तंभही हलका करता येत नाही. अस्तराची चिडचिड मात्र ती कमी करू शकतात.

यातला मला सगळ्यात पटणारा प्रयोग बेल्जियममधल्या नामूर विद्यापीठातला. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी अस्तराच्या पेशींना कमी प्राणवायूत ठेवलं, म्हणजे रक्त साचलेल्या शिरेत असते तशी अवस्था निर्माण केली. पेशीतलं एटीपी, तिचं रोखीचं इंधन, घसरलं. त्यामागे कॅल्शियम वाढलं, फॉस्फोलायपेज ए२ हे विकर जागं झालं, आणि पांढऱ्या पेशींना हाक मारणारी द्रव्यं बाहेर पडली. पांढऱ्या पेशी येऊन चिकटल्या. हाच प्रयोग हॉर्स चेस्टनट या झाडाच्या बियांतलं एस्सिन हे द्रव्य घालून केला, तेव्हा एटीपीची घसरण रोखली गेली आणि पांढऱ्या पेशींचं चिकटणंही कमी झालं. काही फ्लॅव्होनॉइड द्रव्यांनीही (डायॉस्मिन, हेस्पेरिडिन ज्या वनस्पतिद्रव्यांच्या कुळातली आहेत त्यांनी) असाच परिणाम दाखवला. धोक्याची घंटा वाजण्याआधीच पेशीला सावरून धरायचं, असं हे काम.

तुमच्या गोळीत ९० टक्के डायॉस्मिन आणि १० टक्के इतर फ्लॅव्होनॉइड असतात, आणि ते हेस्पेरिडिनच्या मापाने मोजतात. हेस्पेरिडिन १८२८ मध्ये लब्रेताँ नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने लिंबूवर्गीय फळांच्या सालीतल्या पांढऱ्या गरापासून वेगळं केलं. औषधातलं बरंचसं डायॉस्मिन आज हेस्पेरिडिनपासूनच कारखान्यात तयार होतं, म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरं आहे. शिरेवर त्याची दोन कामं दिसतात. एक, शिरेच्या भिंतीतला नॉरअॅड्रेनॅलिनचा आवळण्याचा परिणाम ते लांबवतं, त्यामुळे शीर किंचित घट्ट राहते. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, ते चिकटवणारी प्रथिनं खाली आणतं. लंडनमध्ये शिरांच्या रुग्णांना ६० दिवस हे औषध दिलं तेव्हा रक्तातलं आयकॅम आणि व्हीकॅम दोन्ही घटलं. उंदरांच्या मांडीत धमनी आणि शीर जोडून शिरेवर मुद्दाम दाब वाढवला, तेव्हा ज्यांना औषध मिळत होतं त्यांच्या झडपांत पांढऱ्या पेशी कमी घुसल्या आणि रक्त उलटं येण्याचं प्रमाणही कमी राहिलं. मात्र त्या उंदरांना औषध सुरुवातीपासून मिळत होतं, शीर बिघडण्याआधी. तुमची शीर वीस वर्षं ताणली गेली आहे. हा फरक औषधाच्या जाहिरातीत कधी सांगितला जात नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यावर विसंबून माणसं उशीर करतात.

बुचर्स ब्रूम या काटेरी झुडपातली रस्कोजेनिन नावाची द्रव्यं मुख्यतः शीर आवळण्याचं काम करतात, नॉरअॅड्रेनॅलिनचा आवळण्याचा संदेश घेणाऱ्या शिरेतल्या अल्फा ग्राहकांमार्फत. परीक्षानळीत ती इलास्टेज या विकराला आवर घालतात आणि एस्सिन हायलुरोनिडेजला. म्हणजे एक भिंतीतल्या लवचीक धाग्यांना वाचवतं आणि दुसरं पेशींभोवतीच्या भरावाला. द्राक्षाच्या लाल पानांच्या अर्कावरही अभ्यास आहेत, पण मी ते वापरत नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

फ्लॅव्होनॉइडची ही गोष्ट जुनी आहे. १९३६ मध्ये हंगेरीत सेंट-ग्योर्गी आणि रुस्न्याक यांना दिसलं की काही रुग्णांच्या त्वचेखालचे रक्तस्राव शुद्ध क जीवनसत्त्वाने थांबत नाहीत, पण लिंबाच्या अशुद्ध अर्काने थांबतात. केशवाहिन्या गळू न देणारं काहीतरी त्या अशुद्धीत आहे असं म्हणून त्यांनी त्याला 'प जीवनसत्त्व' नाव दिलं. पुढे हे जीवनसत्त्व नाही हे सिद्ध झालं आणि १९५० च्या सुमारास नाव मागे घेतलं गेलं. पण केशवाहिन्यांच्या गळतीवर बोट ठेवलं होतं ते बरोबर होतं.

आता माझी शंका सांगतो, कारण प्रयोगशाळेतल्या बशीत आणि तुमच्या पोटरीत मोठं अंतर आहे. बहुतेक प्रयोगांतल्या अस्तराच्या पेशी नवजात बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या असतात. त्या सहज मिळतात आणि चांगल्या वाढतात. पण त्या पेशीने कधी गुरुत्वाकर्षणाचा भार सोसलेला नसतो, तिच्यावरून रक्त उलटं फिरलेलं नसतं आणि तिचं वय जेमतेम काही महिन्यांचं असतं. बावन्न वर्षांच्या पायातली पेशी वेगळी. शिवाय बशीत डायॉस्मिन थेट पेशीवर ओततात. गोळी गिळल्यावर तसं घडत नाही. डायॉस्मिनला साखरेचे रेणू जोडलेले असतात, त्यामुळे ते जसंच्या तसं आतड्यातून शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू साखर तोडतात, डायॉस्मेटिन उरतं, ते शोषलं जातं आणि रक्तात बहुतांशी ग्लुकुरोनाइडच्या, म्हणजे शरीराने बदललेल्या, रूपात फिरतं. म्हणजे शिरेच्या पेशीपर्यंत पोचतं ते बशीत ओतलेलं द्रव्य नव्हेच. बशीतला आकडा कोणी दाखवला, तर 'एवढं प्रमाण रक्तात पोचतं का?' हा प्रश्न जरूर विचारा.

कणांचा आकारही इथेच महत्त्वाचा ठरतो. डायॉस्मिनची भुकटी दळून कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक केले की शोषण वाढतं. किरणोत्सारी खूण लावून मोजलं तेव्हा साध्या भुकटीतलं सुमारे ३३ टक्के शोषलं गेलं आणि बारीक भुकटीतलं सुमारे ५८ टक्के. गोळीच्या पाकिटावर 'मायक्रोनाइज्ड' लिहिलं आहे का ते बघा. स्वस्त पाकीट घेताना हा शब्द सुटतो.

मग माणसांत फायदा होतो का? होतो, पण माफक. कॉक्रेन ही संस्था औषधांवरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात अशा सर्व औषधांवरच्या ६९ चाचण्या पाहिल्या. सूज थोडी कमी होते, घोट्याचा घेर सरासरी सुमारे ४ मिलिमीटरने उतरतो. जीवनमानात मात्र फारसा फरक पडत नाही, आणि पोटाच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांत थोड्या जास्त दिसतात. जखमांबाबत मतं जुळत नाहीत. २००५ च्या एका एकत्रित अभ्यासात ७२३ रुग्णांमध्ये पट्टी बांधण्यासोबत ही गोळी दिली तेव्हा सहा महिन्यांत जखम भरण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी जास्त होती. सगळी औषधं एकत्र धरणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात तो फायदा ठळक उरला नाही. मी जखमेच्या रुग्णाला ही गोळी देतो, पण पट्टीच्या जोडीनेच.

एस्सिनचा एक अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगतो. १९९६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या जर्मन चाचणीत २४० रुग्ण होते आणि ती १२ आठवडे चालली. घट्ट मोजे वापरणाऱ्यांच्या पायाचं आकारमान सुमारे ४७ मिलिलिटरने घटलं, हॉर्स चेस्टनटचा अर्क घेणाऱ्यांचं सुमारे ४४ ने, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचं जवळपास १० ने वाढलं. चव्वेचाळीस मिलिलिटर म्हणजे आपले जेमतेम तीन मोठे चमचे. ऐकायला कमी वाटतं, पण दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी चप्पल घट्ट होते की नाही, हे तेवढ्यावर ठरतं.

आता साल आणि ब्राह्मी. नागपुरी संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन असतं हे खरं. पण सालीत ते किती आहे हे फळागणिक बदलतं, साल दळून खाल्ली तरी कण तेवढे बारीक होत नाहीत, आणि हेस्पेरिडिन म्हणजे डायॉस्मिन नव्हे. सालीचा मुरंबा खायचा असेल तर चवीसाठी जरूर खा. औषधाच्या जागी तो धरू नका, आणि बाजारातल्या फळांच्या सालीवर फवारणीचे अंश असतात, त्यामुळे ती रोज भरपूर खाणं मला पटत नाही.

ब्राह्मीबाबत आपल्याकडे नावाचा घोळ आहे. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक कारिवणा म्हणजे मंडूकपर्णी, गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची. दुसरी नीरब्राह्मी, ओल्या जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची. शिरांवरचे अभ्यास मंडूकपर्णीच्या शुद्ध केलेल्या अर्कावर झाले आहेत. तिच्यातली एशियाटिक आणि मॅडेकॅसिक आम्लं शिरेभोवतीच्या जोड-ऊतीत कोलॅजनची बांधणी सुधारतात असं दिसतं. भाजीत चार पानं पडली तर काळजी नाही. पण तिच्या गोळ्या काही आठवडे घेऊनही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको.

हॉर्स चेस्टनटबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. त्याची कच्ची बी विषारी असते. औषधात विषारी भाग काढलेला, एस्सिनचं प्रमाण ठरवलेला अर्क असतो, दिवसाला साधारण १०० मिलिग्रॅम एस्सिन पोटात जाईल असा. माझ्याकडे एक काका आले होते. भट्टीजवळ तीस वर्षं उभे राहणारे, पायाला घोट्याजवळ काळसर डाग. कोणीतरी सांगितलं म्हणून ऑनलाइन बियांची साधी पूड मागवून दोन चमचे रोज घेत होते. उलट्या, चक्कर यायला लागली तेव्हा आले. पूड बंद केल्यावर पोट शांत झालं. पण त्या तीन महिन्यांत घट्ट मोजे घालायचं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि डागाच्या जागी जखम उघडली होती. ती भरायला पाच महिने लागले. मूत्रपिंडाचा आजार असेल तर एस्सिन घेऊच नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तुमच्यासाठी म्हणून सांगतो. डॉपलर झालं नसेल तर आधी ते उभं राहून करून घ्या, झोपून केलेल्या तपासणीत गळती निसटू शकते. मुख्य शीर गळत असेल तर लेसरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने ती आतून बंद करता येते, जागा बधिर करून, बहुतेक वेळा त्याच दिवशी चालत घरी. दाबाचं मूळ त्याने निघतं, जे कोणत्याही वनस्पतीला जमत नाही. ते होईपर्यंत, किंवा तपासणीत तेवढी गरज दिसली नाही तर, घट्ट मोजे. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी चढवायचे, एकदा सूज उतरली की पुन्हा चढायच्या आत. तासाला दोन-तीनदा फळ्यापाशी टाचा उचलून पंधरा-वीस वेळा वर-खाली व्हा, मुलांनाही सांगा की बाई पोटरीचा पंप चालवताहेत, त्यांना अभिसरणाचा धडा कायमचा लक्षात राहील. आणि गोळी, दिवसाला १००० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. पोट बिघडलं तर दोन वेळांत विभागून.

एका पायाला अचानक जास्त सूज आली, पोटरी दुखून कडक झाली किंवा दम लागला तर मात्र गोळीचा, मोज्याचा विचार न करता थेट दवाखाना गाठा, खोल शिरेत गुठळी असू शकते. एखादी शीर फुटून रक्त आलं तर आडव्या व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडाने त्या जागी बोटाने दाबून धरा.

गोळी तुम्हाला लागू पडते का हे तुम्ही स्वतः मोजू शकता, आणि तुम्ही मोजाल याची मला खात्री आहे. शिंप्याची फीत घ्या. घोट्याच्या हाडाच्या वर चार बोटांवर पेनाने खूण करा. रविवारी न मोजता शाळेच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, दोन्ही पायांचा घेर त्याच जागी मोजून वहीत लिहा. आठवडाभर गोळीशिवाय, मग दोन महिने गोळीसह. बाकी सगळं तेच ठेवा, मोजे घालत असाल तर दोन्ही वेळा घाला. दोन महिन्यांनी घेर पाच मिलिमीटरनेही उतरला नसेल आणि पायांचा जडपणा तसाच असेल, तर गोळी बंद करायला तुमच्या डॉक्टरांशी बोला. उतरला असेल तर चालू ठेवा. दोन्ही वेळा ती वही डॉपलरच्या अहवालासोबत घेऊन जा.